सदाफुली : द्रव्यपरिचय, रासायनिक पृथक्करण आणि वैद्याचे उत्तरदायित्व

प्रास्ताविक

कोकण किनाऱ्यावरील गावात सदाफुली कोणी मुद्दाम लावतोच असे नाही, ती आपोआप येते. विजयदुर्ग किल्ल्याच्या जांभ्याच्या सांध्यांत, वाघोटन खाडीकाठच्या वाळूत, घराच्या पायरीशी, आंब्याच्या बागेच्या गडग्याला अशी ती सर्वत्र दिसते. तिला ना माती लागते, ना पाणी. खारा वारा अखंड अंगावर घेऊनही ती बारा महिने फुलते. गुरे आणि शेळ्या तिला सहसा तोंड लावीत नाहीत. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ आपण वैद्यांनी वेळीच लक्षात घ्यावयास हवा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बागायतदार गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह आठ वर्षांचा, आधुनिक वैद्यकाच्या दोन गोळ्या नियमित चालू. ते आले होते खोकल्यासाठी. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारले, "डॉक्टरांनू, सदाफुलीची पानां खाल्ली तर चलात मां?" रुग्णांची रांग होती. मी मान वर न करता म्हणालो, "खा की. झाडपाल्याने काय वाईट होणार?" चार महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा कालवाच्या शिंपलीने कापलेली पायाची जखम चिघळून काळी पडली होती, रक्तशर्करा तीनशेच्या वर गेली होती आणि गोळ्या केव्हाच बंद केलेल्या होत्या. "तुमीच सांगितल्यात मां?" एवढेच ते म्हणाले. पुढे त्यांना पायाचा अंगठा गमवावा लागला.

त्या दिवशी सदाफुलीविषयी मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. तिच्यापासून कर्करोगाचे औषध निघते आणि लोक ती मधुमेहात घेतात. एवढ्या ज्ञानावर मी संमती दिली होती. त्यानंतर या वनस्पतीचा जो अभ्यास केला, तो व्यवसायबंधू-भगिनींसमोर ठेवीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न रुग्ण विचारतातच आणि न विचारणारे न विचारता पाने खात असतात.

नाम आणि ओळख

सदाफुलीचे शास्त्रीय नाव कॅथॅरँथस रोझियस असे आहे. लिनियसने तिला व्हिंका रोझिया म्हटले होते. पुढे जॉर्ज डॉन याने तिला आजच्या प्रजातीत घातले. तथापि जुने नाव औषधांच्या नावांतून आजही टिकून आहे. व्हिनब्लास्टिन, व्हिनक्रिस्टिन यांतील 'व्हिन' हे अक्षर त्याचेच. मूळ स्थान मादागास्कर बेट. तेथून सागरी वाहतुकीबरोबर ती उष्ण प्रदेशातील बहुतेक किनाऱ्यांवर पोचली. हिंदीत तिला सदाबहार अथवा सदासुहागन आणि तमिळमध्ये नित्यकल्याणी म्हणतात.

कुल करवीरादि, म्हणजे कण्हेरीचे. या कुलाची ओळख वैद्याला पुरेशी बोलकी आहे. सर्पगंधा, कुटज, सप्तपर्ण म्हणजे आपल्याकडील सातवीण, आणि अलीकडच्या वर्गीकरणाप्रमाणे रुई हीसुद्धा याच कुलातील आहेत. तीव्र कर्म आणि अल्प मात्रा हे या घराण्याचे लक्षण आहे.

क्षुप सामान्यतः हातभर ते कमरेएवढा उंच. पाने समोरासमोर, लंबवर्तुळाकार, तुकतुकीत, मधली शीर पांढुरकी. फुले पानांच्या बगलेत एकेकटी किंवा जोडीने येतात, पाच पाकळ्या, खाली बारीक नळी. रंग गुलाबी-जांभळा, पांढरा, अथवा पांढऱ्यावर मध्यभागी लाल डोळा. फळे जोडशेंगांसारखी, आत अनेक बारीक काळ्या बिया.

येथे एका नामसाम्याचा धोका नमूद करणे आवश्यक आहे. अर्वाचीन लेखनात सदाफुलीला 'सदापुष्पी' किंवा 'सदापुष्पा' असे संस्कृत रूप दिलेले आढळते. परंतु भावप्रकाशात 'सदापुष्प' हा शब्द श्वेत अर्काच्या, म्हणजे पांढऱ्या रुईच्या पर्यायांत आलेला आहे. नामसाम्यावर विसंबून रुईचे गुण सदाफुलीस चिकटवणे अथवा सदाफुली ग्रंथोक्त आहे असे प्रतिपादन करणे, दोन्ही चूक. अशी प्रतिपादने छापील स्वरूपातही आढळतात, म्हणून सावध करीत आहे.

अनुक्त द्रव्याचा विचार

बृहत्त्रयीत सदाफुली नाही. म्हणजे ती अनुक्त द्रव्य आहे. अनुक्त असल्याने ती त्याज्य ठरते काय? तसे मानण्याचे कारण नाही. चरकाचार्यांच्या मते योग्य युक्तीने व हेतूने वापरले असता जगात अनौषध असे काहीच नाही. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात फिरंग रोगाचे वर्णन करताना द्वीपांतर वचा, म्हणजे चोपचिनी, हे परदेशातून आलेले द्रव्य आपल्या ग्रंथात समाविष्ट केले. तेव्हा समुद्रमार्गे आलेल्या द्रव्यास आयुर्वेदाची दारे बंद नाहीत, ही गोष्ट ग्रंथसिद्ध आहे.

मात्र त्याच चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात या स्वीकाराची अट सांगितली आहे. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी लोक औषधी नामरूपाने ओळखतात, पण नामरूप ओळखणे म्हणजे औषध जाणणे नव्हे. योग जाणणारा, देश, काल आणि पुरुष पाहून योजना करणारा तो वैद्य. अज्ञात औषध हे विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांप्रमाणे मानावे आणि ज्ञात औषध अमृताप्रमाणे, असाही अभिप्राय तेथेच आहे. मी दारातल्या त्या रुग्णास जे उत्तर दिले ते नामरूप जाणणाऱ्याचे उत्तर होते, योग जाणणाऱ्याचे नव्हते.

प्रसिद्धीचा इतिहास

आमच्या विजयदुर्गात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली येथील किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहून हेलियम शोधला, असे परंपरेने सांगितले जाते आणि किल्ल्यावरील 'साहेबाचे कट्टे' पुरावा म्हणून दाखवले जातात. नोंदी पाहिल्या तर १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण जान्सेन यांनी गुंटूर येथून अभ्यासले. लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहणाविनाच, सूर्याच्या कडेवरील वर्णरेषा पाहिल्या. ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. म्हणजे माणूस खरा, गाव खरे, ग्रहणही खरे, परंतु वर्ष आणि निष्कर्ष यांची सांगड चुकीची. लोकपरंपरा अनेकदा अशीच असते. ती झिडकारू नये आणि न तपासता स्वीकारूही नये. सदाफुलीच्या मधुमेहावरील कीर्तीचे स्वरूप नेमके असेच आहे.

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर सदाफुलीच्या पानांचा चहा मधुमेहात घेण्याची प्रथा होती. १९५२ साली तेथून कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे काही पाने आली आणि त्यांनी ती वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपविली. रॉबर्ट नोबल यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवर प्रयोग केले. रक्तशर्करेवर अपेक्षित परिणाम दिसला नाही. परंतु पानांचा द्राव टोचलेले प्राणी जंतुसंसर्गाने मरू लागले. तपासणीत त्यांच्या रक्तातील श्वेतपेशी घटलेल्या आणि अस्थिमज्जा क्षीण झालेली आढळली. मधुमेहाचे औषध शोधताना मज्जेचा क्षय करणारे द्रव्य हाती लागले. ज्या रोगात श्वेतपेशी अमर्याद वाढतात त्या रक्तकर्करोगात याचा उपयोग होईल काय, हा प्रश्न तेथून पुढे आला. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांच्यासह त्यांनी १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड वेगळे केल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत स्वोबोडा आणि जॉन्सन प्रभृती संशोधक स्वतंत्रपणे याच वनस्पतीवर काम करीत होते. तेथे व्हिनक्रिस्टिन गवसले आणि १९६३ साली ते अमेरिकेत मान्य झाले. बालकांच्या तीव्र रक्तकर्करोगावरील उपचारांत व्हिनक्रिस्टिनचे स्थान आजही अढळ आहे.

या इतिहासातून एक बाब सुस्पष्ट होते. सदाफुलीची जागतिक कीर्ती ज्या संशोधनावर उभी आहे, त्या संशोधनाचा पहिला निष्कर्ष मधुमेहाच्या बाबतीत नकारात्मक आणि मज्जेच्या बाबतीत धोक्याचा होता. आपल्याकडे मात्र दोन वाक्ये एकत्र करून सांगितली जातात, की सदाफुली मधुमेहावर चालते आणि तिच्यापासून परदेशात औषध बनते. ऐकणाऱ्याला वाटते, दुसरे वाक्य पहिल्याचा पुरावा आहे.

प्रयोगशाळेतील पृथक्करण

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज करता येण्याजोग्या परीक्षणांपासून आरंभ करू.

१) संग्रह आणि शुद्धता : मूळ, पान आणि फूल वेगवेगळे गोळा करावे, धुवावे, सावलीत वाळवावे. आमच्या किनाऱ्यावर दोन दक्षता विशेष घ्याव्या लागतात. पहिली वाळूची. वाऱ्याने उडालेले कण पानांवर बसलेले असतात. नमुन्याची एकूण रक्षा आणि आम्लात न विरघळणारी रक्षा काढली असता दुसरा आकडा वाढलेला दिसला, तर तो वनस्पतीचा गुण नसून वाळूचे मिश्रण असते. दुसरी दक्षता फवारणीची. आंब्याच्या कलमांखालील सदाफुलीवर मोहोराच्या काळात कीटकनाशक पडते. अशी पाने परीक्षणासही योग्य नव्हेत, मग सेवनाची गोष्टच सोडा.

२) अल्कलॉइड परीक्षा : सुमारे १ ग्रॅम चूर्ण १० मिलि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून गाळावे. गाळलेल्या द्रावाचे भाग करून एकात ड्रॅगेनडॉर्फ, दुसऱ्यात मेयर, तिसऱ्यात वॅग्नर अभिकर्मकाचे थेंब टाकावेत. अनुक्रमे नारिंगी-तपकिरी, दुधाळ पांढरा आणि लालसर तपकिरी साका बसला म्हणजे अल्कलॉइड असण्याचा संभव. मूळ आणि पान यांत हा साका ठळक येतो. पाकळ्यांत तो त्या मानाने फिका असतो.

या परीक्षेची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. साका बसला याचा अर्थ 'या वर्गातील काहीतरी आहे' एवढाच. कोणते अल्कलॉइड, किती, हे त्यावरून कळत नाही. शिवाय ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक काही अन्य पदार्थांशीही साका देतो. म्हणूनच तीन वेगवेगळ्या अभिकर्मकांनी ताडून पाहावयाचे.

३) पाकळ्यांचा रंग : गुलाबी पाकळ्या आम्लयुक्त मद्यार्कात भिजवल्या की लालसर द्राव मिळतो. त्यात क्षार घातला की रंग पालटतो. हे अँथोसायनिन वर्गाचे रंगद्रव्य. सदाफुलीत हिर्सुटिडिन आणि रोझिनिडिन ही या वर्गातील तुलनेने विरळा आढळणारी रंगद्रव्ये असतात. पांढऱ्या फुलात ती नसतात. लोकांत 'मधुमेहाला पांढरीच चालते' असा समज आहे. परंतु पाकळीचा रंग अँथोसायनिनवर अवलंबून आहे, पानातील अल्कलॉइडांवर नव्हे. त्यामुळे फुलाचा रंग पाहून पानाचे वीर्य ठरविता येत नाही.

४) वर्णलेखन : सिलिका जेलच्या पातळ थराच्या पट्टीवर अल्कलॉइड द्राव चढवून सेरिक अमोनियम सल्फेट फवारले असता इंडोल वर्गातील अल्कलॉइडांचे ठिपके निरनिराळ्या रंगांनी उमटतात. पानाच्या द्रावात व्हिंडोलिन आणि कॅथॅरँथिन हे प्रमुख. मुळाच्या द्रावात अजमलिसिन आणि सर्पेंटाइन. हे अजमलिसिन सर्पगंधेतही असते. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ साली सर्पगंधेतून अजमलिन वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यास ते नाव दिले. त्याच नावाची ही छाया. कुलसाम्य आणि कर्मसाम्य यांची जी सांगड आपण द्रव्यगुणात घालतो, तिचे हे रासायनिक उदाहरण मानता येईल.

सदाफुलीत आजपर्यंत शंभराहून अधिक इंडोल अल्कलॉइडे आढळलेली आहेत. पैकी ज्यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली ती व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन साध्या पट्टीवर दिसतच नाहीत, इतकी ती अत्यल्प असतात. त्यांच्यासाठी उच्चक्षमता द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन अशी साधने लागतात. अल्पतेचे एक कारणही कळले आहे. व्हिनब्लास्टिन हे व्हिंडोलिन आणि कॅथॅरँथिन यांच्या संयोगाने बनते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कॅथॅरँथिन पानाच्या पृष्ठभागावरील मेणचट थरात साठते, तर व्हिंडोलिन पानाच्या आतील पेशींत. दोन्ही घटक एकाच पानात असूनही भेटत नाहीत.

मात्रेचा हिशेब

आता आकडे पाहू. १ ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळविण्यास सुमारे ५०० किलो आणि १ ग्रॅम व्हिनक्रिस्टिन मिळविण्यास सुमारे २,००० किलो वाळलेली पाने लागतात, असे संशोधनसाहित्यात सांगितले आहे. यासाठीच २०२२ साली शास्त्रज्ञांनी सुधारित यीस्टमध्ये व्हिंडोलिन आणि कॅथॅरँथिन तयार करून त्यांपासून व्हिनब्लास्टिन मिळविण्याचा मार्ग प्रसिद्ध केला.

व्हिनक्रिस्टिनची प्रौढास एका वेळची कमाल मात्रा सामान्यतः २ मिलिग्रॅम धरतात. वरील प्रमाणाने तेवढ्यासाठी ४ किलो वाळलेली पाने लागतील. चार-पाच पानांचा शुष्क भार एक ग्रॅमही भरत नाही. त्यातही हे औषध केवळ शिरेतून, रक्ताची तपासणी करीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. मुखावाटे त्याच्या शोषणाचा भरवसा नाही. तेव्हा 'सदाफुलीच्या पानांनी कर्करोग बरा होतो' हा समज गणितातच टिकत नाही. अशा समजापायी कर्करोगाचा रुग्ण उपचार लांबणीवर टाकील, तर त्याचे आयुष्य पणास लागते.

दुसऱ्या बाजूने, 'मग चार पानांनी अपायही होणार नाही' असा निष्कर्ष काढणेही घाईचे होईल. व्हिनक्रिस्टिन नगण्य असले तरी व्हिंडोलिन, कॅथॅरँथिन व अन्य अल्कलॉइडे त्या मानाने पुष्कळ अधिक असतात. ती रोज, रिकाम्या पोटी, वर्षानुवर्षे घेतल्याचा मानवी शरीरावरील परिणाम पद्धतशीरपणे अभ्यासलेला नाही.

मधुमेहविषयक पुरावा

नोबल यांना परिणाम दिसला नाही म्हणून विषय संपत नाही. पुढील काळात भारतातही प्रयोग झाले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सशांना पानांचा स्वरस दिला असता निरोगी आणि मधुमेही अशा दोन्ही गटांत रक्तशर्करा मात्रेनुसार घटली. पुढे पेशींवरील प्रयोगांत व्हिंडोलिन व तत्सम अल्कलॉइडांनी शर्करेचे ग्रहण वाढविल्याचे दिसले. म्हणजे लोकपरंपरेस काही आधार असणे शक्य आहे.

पण सशांना दिलेली मात्रा शरीरभाराच्या दर किलोस अर्धा ते एक मिलिलिटर स्वरस अशी होती. नुसत्या त्रैराशिकाने ६० किलोच्या माणसास ती ३० ते ६० मिलि होते. प्राण्याची मात्रा माणसास अशी सरळ लागू होत नाही हे खरे, तथापि चार पाने आणि दोन फुले यांच्याशी तिचा मेळ नाही हे उघड आहे. आणि ६० मिलि स्वरस रोज घेणे म्हणजे अज्ञात अल्कलॉइडांची मोठी मात्रा रोज घेणे. परिणामकारक मात्रा आणि निर्धोक मात्रा यांमधील अंतर जोवर माणसांवरील नियंत्रित चाचण्यांतून ठरत नाही, तोवर वैद्याने या द्रव्याची शिफारस कशाच्या आधारावर करावी?

याउलट, आपल्या ग्रंथांतील प्रमेहहर द्रव्यांकडे पाहावे. वाग्भटांनी प्रमेहात आमलकी आणि हरिद्रा यांस अग्रस्थान दिले आहे. विजयसारावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत खुली चाचणी घेतली आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची, शर्करा नियंत्रणात आली. खुल्या चाचणीच्या मर्यादा तिलाही आहेतच. परंतु ग्रंथ, मात्रा आणि मानवी अनुभव हे तिन्ही जेथे उपलब्ध आहेत ते द्रव्य सोडून, जेथे तिन्ही अपुरे आहेत त्याकडे आपण का वळावे?

गुणकर्मविचार

पान चावले असता तिक्त आणि मागाहून कषाय रस जाणवतो. अर्वाचीन लेखकांनी लघु, रूक्ष गुण, उष्ण वीर्य आणि कटु विपाक मानलेला आहे. यावरून कफ-मेद कमी करणारे कर्म अनुमानता येते आणि स्थूल प्रमेहीत उपयोगाची कल्पना सुचते.

परंतु चरकांनी प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे सांगून कृशास बृंहण विहित केले आहे. आपल्याकडे येणारे दीर्घकालीन मधुमेही बहुधा दुसऱ्या गटाकडे झुकलेले असतात. धातू क्षीण, वात वाढलेला, पायांत दाह आणि बधिरता. अशा रुग्णास तिक्त, रूक्ष द्रव्य नित्य देणे शास्त्राच्याच विरुद्ध आहे. तिक्त रसाच्या अतियोगाची जी लक्षणे चरकांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दिली आहेत, त्यांत रसापासून शुक्रापर्यंतच्या धातूंचा शोष सांगताना मज्जेचाही निर्देश आहे. नोबल यांच्या प्राण्यांची क्षीण झालेली अस्थिमज्जा येथे आठवते. हे साम्य म्हणजे सिद्धता नव्हे आणि तसा माझा दावाही नाही. मात्र ग्रंथ आणि प्रयोगशाळा दोन्ही एकाच दिशेने सावध करीत असतील, तर वैद्याने थांबावयास हवे.

व्यवहारात घ्यावयाची दक्षता

१) प्रत्येक मधुमेही रुग्णास 'घरी कोणता पाला, फूल, काढा घेता?' असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर रुग्णपत्रिकेत लिहावे. 'दुसरे औषध चालू आहे का?' या प्रश्नात रुग्ण झाडपाला धरीत नाही.

२) चालू गोळ्या किंवा इन्शुलिन स्वतःहून बंद करू नये, हे प्रत्येक भेटीत सांगावे. वैद्याचे मौन रुग्ण संमती समजतो.

३) शर्करा उतरविणाऱ्या गोळ्यांबरोबर सदाफुली घेणाऱ्यास घाम, कंप, भोवळ आल्यास प्रथम शर्करा तपासावी.

४) गर्भिणी, गर्भधारणेची इच्छा असलेली स्त्री, स्तनदा आणि बालक यांना सर्वथा वर्ज्य. या वनस्पतीची अल्कलॉइडे पेशीविभाजन रोखणारी आहेत.

५) कर्करोगावर उपचार चालू असलेल्या रुग्णाने समांतर सदाफुली घेऊ नये. श्वेतपेशी आधीच कमी असतात.

६) हातापायांची बधिरता, तीव्र मलावष्टंभ, वारंवार जंतुसंसर्ग ही लक्षणे वाढल्यास सदाफुली तत्काळ बंद करून रक्ततपासणी करावी. बधिरता मधुमेहाचीही असू शकते, त्यामुळे कारण गृहीत धरू नये.

७) मधुमेह व कर्करोग बरे करण्याच्या जाहिरातीस औषधे आणि चमत्कारी उपाय अधिनियम, १९५४ अन्वये प्रतिबंध आहे. आपल्या फलकावर वा पत्रकात असे काही नाही ना, हे पाहावे. अपाय आढळल्यास आयुष मंत्रालयाच्या औषधसतर्कता केंद्रास कळवावे. अशा नोंदींखेरीज आपले द्रव्यज्ञान पुढे जाणार नाही.

गांधीलमाशीच्या दंशावर पानांचा रस बाहेरून लावण्याची लोकरीत आहे. अखंड त्वचेवर अल्प प्रमाणात तिला हरकत घेण्याचे कारण दिसत नाही. डोळ्यांत फुलांचा द्राव घालण्याची प्रथा मात्र निषिद्धच मानावी. घरी केलेला द्राव निर्जंतुक नसतो.

उपसंहार

सदाफुली हे निरुपयोगी द्रव्य नव्हे. तिने असंख्य बालकांचे प्राण वाचविले आहेत. पण ते कार्य तिच्या पानाने केलेले नाही. पानातून शोधून, मोजून, मात्रा बांधून घेतलेल्या द्रव्याने केले आहे. तीव्र विषही युक्तीने वापरल्यास उत्तम औषध होते आणि औषधही दुर्युक्त झाल्यास तीक्ष्ण विष ठरते, हा चरकांचा अभिप्राय सदाफुलीइतका क्वचितच कोठे सार्थ झाला असेल. द्रव्यगुणाच्या स्नातकोत्तर विद्यार्थ्यांनी सदाफुलीची निश्चित मात्रा, निर्धोकता आणि अधिकारी रुग्ण यांवर मानवी अभ्यास हाती घ्यावेत. ते होईपर्यंत वैद्यांनी ही पाने लिहून देऊ नयेत, असे माझे नम्र मत आहे.

ते बागायतदार गृहस्थ आजही माझ्याकडे येतात. विजयसार, पथ्य आणि आधुनिक गोळ्या अशी त्यांची चिकित्सा चालू आहे, शर्करा आटोक्यात आहे. त्यांच्या अंगणात तुळशीशेजारी सदाफुली अजून आहे. फुले देवाला जातात, पानांना कोणी हात लावीत नाही. अलीकडे त्यांनी शेजारच्या एका गृहस्थांना माझ्याकडे पाठविले. ते आल्या आल्या म्हणाले, "पानां खाऊच्या आधी तुमका विचारूक सांगितल्यानी." या वेळी मी हातातील लेखणी खाली ठेवली, त्यांना समोर बसविले आणि सर्व नीट सांगितले. त्यास दहा मिनिटे लागली. तेवढी दहा मिनिटे मी पूर्वी दिली असती, तर एका माणसाचा अंगठा शाबूत राहिला असता.